एपिसोड -१६ वर आहे, तरी पाहुणा ऐकू का येत नाही?

पॉडकास्ट ऐकणाऱ्याचा हात आवाजाच्या बटणाकडे किती वेळा जातो, यावरून एपिसोडच्या लेव्हल्स कशा लावल्या आहेत ते कळतं. निवेदक बोलला की आवाज कमी करायचा, पाहुण्याने तोंड उघडलं की वाढवायचा, मधेच संगीत धाडकन आलं की दचकून परत कमी करायचा. हे तीन-चारदा झालं की माणूस कंटाळून दुसरं काहीतरी लावतो, मग विषय कितीही चांगला असो.

यावर ठरलेला सल्ला मिळतो: ‘एपिसोड -१६ लफ्सवर नॉर्मलाइझ करा.’ (लफ्स हे आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक, त्याबद्दल पुढे.) सल्ला बरोबर आहे, पण तो शेवटच्या पायरीचा आहे. नॉर्मलाइझ केल्याने अख्खा एपिसोड एका मापाने वर किंवा खाली सरकतो. त्यातल्या दोन माणसांच्या आवाजातलं अंतर तसंच राहतं, आणि ऐकणाऱ्याला त्रास होतो तो त्या अंतराचाच.

मीटर काय दाखवतो आणि कानाला काय कळतं

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्या हलताना दिसतात, तो बहुधा पीक मीटर असतो. डिजिटल आवाजात शून्य डेसिबल हे सर्वात वरचं टोक, म्हणून सगळे आकडे उणे असतात: -६, -१२, -२०. शून्याच्या वर काही साठवायला जागाच नसते. तिथे पोहोचलेल्या लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि आवाज फाटतो. यालाच क्लिपिंग म्हणतात.

डेसिबलचा हिशेब बेरजेचा नसून पटीचा आहे. ६ डेसिबल वाढले की लहरीची उंची दुप्पट होते. कानाला मात्र ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. चालू बोलण्यात १ डेसिबलचा फरक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ३ डेसिबलचा येतो, आणि ६ चा फरक पडला की हात बटणाकडे जातोच.

पीक मीटरची अडचण अशी की तो फक्त सर्वात उंच क्षण सांगतो. पाहुणा अर्धा तास हळू आवाजात बोलला आणि एकदाच टेबलावर हात आपटला, तर त्याचा पीक -१ दिसेल. निवेदकाचाही पीक -१ असेल. आकडे सारखे, पण ऐकताना एक जण कानाशी आणि दुसरा पलीकडच्या खोलीत. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये नुसतं ‘नॉर्मलाइझ’ लिहिलेलं जे बटण असतं, ते पीकवरच चालतं. दोन ट्रॅक, म्हणजे दोघांची वेगवेगळी रेकॉर्डिंग, त्याने नॉर्मलाइझ केले आणि तरी ते जुळले नाहीत, तर बिघडलेलं काही नसतं. ते बटण त्या कामाचंच नव्हे.

कान टोकं मोजत नाही. तो थोड्या थोड्या वेळाची सरासरी धरतो, आणि सगळे स्वर सारख्याच जोराने ऐकतही नाही. खोल घुमणारे स्वर कमी जाणवतात, मधले-वरचे जास्त. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच याचे आलेख मांडले होते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २००६ मध्ये बीएस.१७७० नावाचं मानक काढलं, त्यात कानाचा हा स्वभाव धरून आवाजाचा ‘मोठेपणा’ मोजायची रीत ठरवून दिली. त्या मापाचं एकक म्हणजे एलयूएफएस. बोलताना सगळे ‘लफ्स’च म्हणतात. एक लफ्सचा फरक म्हणजे एक डेसिबलचा फरक, त्यामुळे हिशेब सोपा जातो.

या मापाला जोर आला तो टीव्हीवरच्या जाहिरातींमुळे. कार्यक्रम मवाळ आणि मधेच जाहिरात किंचाळणारी, ही तक्रार जगभर होती. युरोपच्या प्रसारण संघाने २०१० मध्ये -२३ ही पातळी ठरवली. अमेरिकेत -२४ धरतात, आणि जाहिरातींच्या आवाजावर तिथे २०१० मध्ये कायदाही झाला. पॉडकास्ट मात्र फोनवर, छोट्या इअरफोनमधून, चालत्या गाडीत किंवा भांडी घासताना ऐकतात, म्हणून तिथे पातळी वर ठेवतात. अॅपलची शिफारस -१६ च्या आसपास, एखादा डेसिबल इकडेतिकडे, अशी आहे. स्पॉटिफाय -१४ धरतं. मी -१६ धरा म्हणेन. -१४ वर जायला बोलण्यातले चढउतार जास्त दाबावे लागतात, आणि दाबलेलं बोलणं तासभर ऐकवत नाही.

लफ्सचा मीटर उघडलात की तीन आकडे दिसतील. ‘मोमेंटरी’ हा ४०० मिलिसेकंदांचा, ‘शॉर्ट-टर्म’ ३ सेकंदांचा आणि ‘इंटिग्रेटेड’ संपूर्ण एपिसोडचा. सगळे बोलतात तो शेवटचा. समतोल साधायला कामाला येतो तो मधला.

सरासरी कशी फसवते

एक ढोबळ उदाहरण घेऊ. निवेदक -१३.५ वर बोलतोय, पाहुणा -२३.५ वर, आणि दोघं निम्मा-निम्मा वेळ बोलतात. दोघांत १० चा फरक, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या दुप्पट मोठा वाटणार. अख्ख्या एपिसोडचा आकडा किती येईल? साधारण -१६.१. म्हणजे परीक्षेत पास. सरासरी काढली जाते ती ऊर्जेची, आणि तिच्यात मोठा आवाज वरचढ ठरतो. हळू बोलणाऱ्याने त्या आकड्यावर फारसा परिणाम होत नाही.

याहून बेरकी गोष्ट म्हणजे या मापातली ‘गेट’. मधल्या शांततेमुळे सरासरी उगाच खाली येऊ नये, म्हणून फार हळू असलेले तुकडे हिशेबातून गाळले जातात. आधी -७० च्या खालचं सगळं जातं, मग उरलेल्याच्या सरासरीपेक्षा १० ने खाली असलेलं. शांततेपुरतं हे ठीक आहे. पण समजा निवेदक -१६ वर आहे आणि पाहुणा -३० वर. दोघांची मिळून सरासरी -१९ च्या जवळ येते, त्याच्या १० खाली म्हणजे -२९. पाहुणा त्याच्याही खाली, म्हणून त्याचं बोलणं मापातून जवळजवळ पूर्ण बाहेर. मीटर -१६ दाखवतो आणि तो आकडा एकट्या निवेदकाचा असतो.

म्हणून प्रत्येक आवाज आधी वेगळा मोजायचा. त्यासाठी प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा लागतो, आणि ते रेकॉर्डिंगच्या वेळीच ठरतं.

रेकॉर्डिंगच्या वेळी

माइकपासूनचं अंतर हा लेव्हलचा पहिला मुद्दा आणि माझ्या मते सर्वात मोठा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने घटतो. खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. पाहुणा वीतभर अंतरावरून मागे रेलला आणि दोन वितींवर गेला, की नंतर ते ६ डेसिबल सॉफ्टवेअरमध्ये भरून काढता येतात, पण घुमाराही त्याबरोबर ६ ने वर येतो. हळू आवाज मोठा करता येतो; लांबचा आवाज जवळचा करणं फार अवघड. सगळे जण माइकपासून वीतभर, तोंड किंचित बाजूला, एवढं पाळलं तरी पुढचं निम्मं काम वाचतं.

गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, लावताना लाल पट्टीच्या भीतीने फार कमी ठेवणं किंवा ‘दणदणीत’ हवं म्हणून फार वर नेणं, दोन्ही टाळावं. बोलणं सरासरी -२० च्या आसपास आणि जोरात बोललं तर पीक -१० पर्यंत, एवढी मोकळीक पुष्कळ झाली. रेकॉर्डिंग किती बिटचं हवं ते सेटिंगमध्ये निवडता येतं. १६ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलची जागा असते, २४ बिटमध्ये कागदावर १४४ ची. त्यामुळे २४ बिटवर थोडं हळू रेकॉर्ड झालं तर काही बिघडत नाही. खोलीतल्या पंख्याची घरघर त्या तळाच्या कितीतरी वर असते. ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर शून्याच्या वर गेलेलंही सांभाळून ठेवतात, पण माइक स्वतःच फाटला असेल तर तेही काही करू शकत नाहीत.

चाचणीला ‘हॅलो, हॅलो, एक-दोन-तीन’ म्हणून घेऊ नये. त्यावेळी माणूस अवघडून बोलतो, आणि खऱ्या गप्पा रंगल्या की तोच ८-१० डेसिबलने वर जातो. त्याला आवडीच्या विषयावर मिनिटभर बोलू द्यावं, हसवावं आणि त्या हसण्यावर गेन ठरवावा.

दुरून बोलणाऱ्या पाहुण्याचं रेकॉर्डिंग शक्यतो त्याच्याच बाजूला व्हावं. व्हिडिओ कॉलची अॅप्स आवाज आपोआप वर-खाली करतात. माणूस थांबला की ती गेन वाढवतात, मागचा खळखळाट फुगतो, आणि तो पुन्हा बोलला की पहिला शब्द फटकन येऊन आवाज खाली बसतो. ही सोय सेटिंगमध्ये बंद करता येत असेल तर करावी. एकदा रेकॉर्ड झालेलं हे हेलकावणं नंतर सरळ करताना जीव जातो. आणि हेडफोन सगळ्यांनी घालायचेच, नाहीतर एकाच्या स्पीकरमधला आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो.

आधी हाताने, मग कॉम्प्रेसरने

आता टेबलावर दोन ट्रॅक आहेत. प्रत्येकातून नेहमीच्या सुरात बोललेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा निवडा. हसणं नको, लांब विराम नको. शॉर्ट-टर्म आकडा पाहा. समजा निवेदक -१८ च्या आसपास फिरतोय आणि पाहुणा -२६. पाहुण्याचा संपूर्ण ट्रॅक ८ ने वाढवा. त्याच्या खोलीची घरघरही ८ ने वर येईल, म्हणून नॉइज रिडक्शन, म्हणजे मागची घरघर सॉफ्टवेअरने कमी करणं, करायचं असेल तर ते आधी, तेही बेताने. जास्त झालं की आवाजाला पाण्याखालून आल्यासारखी झाक येते, आणि ती घरघरीपेक्षा वाईट.

मग ट्रॅक नजरेखालून घाला. लहरींच्या चित्रात तीन-चार प्रकारच्या जागा वेगळ्या दिसतात. पाहुणा मागे रेलला तिथे पट्टा बारीक झालेला असतो: तेवढा तुकडा कापून ३-४ डेसिबल वाढवा. हसण्याच्या जागी उभे सुळके दिसतात: ते हाताने ५-६ डेसिबल खाली आणा. हसू कॉम्प्रेसरवर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या साधनावर, सोडलं तर तो हसण्यामागून येणारा शब्दही दाबतो.

सर्वात दुर्लक्षित जागा म्हणजे वाक्याचा शेवट. बहुतेक जण वाक्य संपवताना श्वास सोडून देतात आणि आवाज घसरतो. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकारही शेवटी. ‘मी तेव्हा तिथे गेलो नव्हतो’ यातलं ‘नव्हतो’ पुटपुटण्यात बुडालं, की ऐकणाऱ्यापर्यंत नेमकं उलटं पोहोचतं. मुलाखतीत अशा महत्त्वाच्या वाक्यांची शेपटं शोधून ३-४ डेसिबलने उचलावीत. काम कंटाळवाणं आहे, पण एपिसोड सुखाने ऐकता येतो तो यामुळे.

एवढं झाल्यावर कॉम्प्रेसर. तो ठरावीक उंचीच्या वर गेलेला आवाज प्रमाणात खाली दाबतो. ती उंची म्हणजे थ्रेशोल्ड, आणि प्रमाण म्हणजे रेशो. रेशो ३:१ असेल तर थ्रेशोल्डच्या ६ डेसिबल वर गेलेला आवाज फक्त २ वर राहतो. अटॅक म्हणजे दाबायला किती चटकन लागायचं, आणि रिलीज म्हणजे सोडायला किती वेळ घ्यायचा. बोलण्यासाठी रेशो २ ते ३, अटॅक १० मिलिसेकंदांच्या आसपास, रिलीज १०० च्या आसपास, इथून सुरुवात करा. थ्रेशोल्ड हळूहळू खाली आणत जा, नेहमीच्या बोलण्यात ‘गेन रिडक्शन’चा काटा ३-४ डेसिबल दाखवू लागला की थांबा. मग जेवढं दाबलं गेलं तेवढं मेकअप गेनने परत द्या.

हाताने लेव्हल लावणं आधी का, ते इथे कळतं. थ्रेशोल्ड एका ठरलेल्या आकड्यावर बसलेला असतो. ट्रॅक जुळवण्याआधीच दोघांवर एकच सेटिंग लावलं, तर निवेदक सतत दाबला जातो आणि पाहुणा थ्रेशोल्डपर्यंत पोहोचतच नाही. दोघांना मिसळून मग एकच कॉम्प्रेसर लावणंही चुकीचं. निवेदक मधेच ‘हो हो’ म्हणाला की त्याच्यापायी पाहुण्याचं वाक्य खाली जातं. कॉम्प्रेसर प्रत्येकाच्या ट्रॅकवर वेगळा. प्रमाण चुकल्याची खूण म्हणजे श्वास: बोलण्याइतकाच ठळक ऐकू येऊ लागला, की दाब जास्त झाला.

आकडे जुळूनही एक जण पुढे आणि एक मागे वाटू शकतो. माइकला चिकटून बोलणाऱ्याच्या आवाजात खर्ज फुगतो. साधारण ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाकलं तर टेबलाची धडधड आणि ‘प’-‘फ’ म्हणताना माइकवर बसणारे श्वासाचे धक्के कमी होतात, आणि शब्दांच्या कामाचं काही जात नाही. मंद, गोधडीखालून आल्यासारख्या आवाजाला ३,००० हर्ट्झच्या आसपास एक-दोन डेसिबल दिले की शब्द सुटे होतात. हे मात्र मीटर सांगणार नाही. फोनचा आवाज अगदी कमी करा, जेमतेम ऐकू येईल इतका, आणि दोघांमधला कोण आधी नाहीसा होतो ते पाहा. तो अजून हळू आहे.

दोघं एकाच खोलीत असतील तर आणखी एक गुंता असतो. पाहुण्याच्या माइकमध्ये निवेदकही थोडा शिरलेला असतो, आणि पाहुण्याचा ट्रॅक ८ ने वाढवला की तोही ८ ने वाढतो. एकच आवाज किंचित मागेपुढे दोनदा आल्याने पोकळ, डब्यातला वाटू लागतो. म्हणून दोन माइकमधलं अंतर हे तोंड ते माइक या अंतराच्या निदान तिप्पट ठेवायची जुनी रीत आहे. तरी राहिलं तर पाहुणा गप्प असताना त्याचा ट्रॅक १०-१२ डेसिबल खाली घ्या. पूर्ण म्यूट केला तर खोलीच गायब होते, आणि दर वेळी ते कानाला खटकतं.

संगीताबद्दल थोडक्यात. बोलण्याखाली ते बोलण्यापेक्षा १५ ते २० डेसिबल खाली हवं, शब्द असलेलं गाणं तर नकोच. सुरुवातीला एकटं वाजताना ते बोलण्याइतकंच, किंवा दोनेक डेसिबल कमी. तयार संगीत बहुधा आधीच दाबून मोठं केलेलं असतं, तसंच टाकलं तर अंगावर येतं.

शेवटचा आकडा

सगळे ट्रॅक मिसळले की मगच -१६ कडे वळायचं. समजा मिश्रण -२२ वर आहे आणि त्याचे पीक -३ पर्यंत जातात. ६ वाढवले की पीक +३ वर, म्हणजे फाटणार. त्यासाठी शेवटी लिमिटर, म्हणजे ठरलेल्या हद्दीच्या वर काही जाऊ न देणारं साधन, लागतो, आणि त्याची हद्द -१ ठेवतात. वरच्या उदाहरणात त्याला एखाद-दुसऱ्या सुळक्यावर ४ डेसिबल कापावे लागतील, ते चालतं. दर वाक्याला तो कापत असेल तर मात्र मागे जाऊन ट्रॅक पुन्हा पाहावेत. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमधलं ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ फक्त पातळी बदलतं, पीक आवरत नाही. लिमिटर नंतर वेगळा चालवावा लागतो.

हद्द शून्य न ठेवता -१ का? डिजिटल फाइल लहरीचे ठरावीक बिंदू साठवते, आणि प्रत्यक्ष वाजताना दोन बिंदूंच्या मधला माथा त्यांच्याहून उंच जाऊ शकतो. ‘ट्रू पीक’ म्हणतात तो हा. फाइल लहान करायला एमपीथ्री किंवा एएसी करतानाही लहर थोडी बदलते आणि माथे वर सरकतात. म्हणून एक डेसिबलची फट.

मोनोचा घोटाळा बऱ्याच जणांना माहीत नसतो. बीएस.१७७० स्टीरिओ फाइलच्या डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलच्या ऊर्जेची बेरीज करतं. तोच आवाज एका चॅनेलच्या मोनो फाइलमध्ये असेल तर मापात ३ ने कमी भरतो, जरी ऐकताना तो दोन्ही कानांत तसाच वाजणार असतो. म्हणजे मोनो फाइल मीटरवर -१९ दाखवत असेल, तर ती स्टीरिओच्या -१६ इतकीच मोठी ऐकू येते. मोनोला -१६ वर नेलं की एपिसोड ३ डेसिबल जास्त ओरडतो. ऑडॅसिटीत मोनोला दोन चॅनेल समजून मोजायची एक चौकट आहे, ती टिक केली की -१६ च टाकायचं, -१९ नव्हे. दोन्ही एकदम केलं तर उलटी चूक होते.

एक्सपोर्ट केलेली फाइल, म्हणजे प्रत्यक्ष अपलोड होणारी एमपीथ्रीच, परत मीटरवर टाकून बघा. मग ती फोनच्या स्पीकरवर ऐका, आणि फक्त एक इअरफोन घालून वाहत्या नळाशेजारीही ऐका. सुरुवातीची पाच मिनिटं ऐकून थांबू नका. पाहुणा दमून मागे रेलतो आणि निवेदक रंगात येतो तो उत्तरार्धात, त्यामुळे लेव्हल्स सहसा तिथेच सुटलेल्या असतात.